शाळेचं गेट-टुगेदर : जाऊ की नको, आणि गेले तर बोलू काय?

गेल्या अंकात शाळेच्या जुन्या बॅचबद्दल ओझरतं काहीतरी लिहिलं होतं आणि त्यावर इतकी पत्रं, मेल आली की हा अख्खा कॉलम त्यालाच द्यावा लागतोय. बरीच पत्रं एकसारखी होती, म्हणून त्यातली काही एकत्र केलीत. नावं कुणाचीच छापलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशीलही काढून टाकलेत, तेव्हा निर्धास्त राहा.

प्रश्न : ताई, आमची बॅच तीस वर्षांनी भेटतेय आणि मला एकाच गोष्टीचं जाम टेन्शन आलंय, मला कुणाची नावंच आठवत नाहीयेत. ग्रुपवर डीपी बघते तर निम्मे चेहरे अनोळखी आणि उरलेल्यांच्या डीपीला मुलांचे नाहीतर फुलांचे फोटो. समोर येऊन कुणी म्हणालं 'ओळखलंस का?' तर काय करायचं?

उत्तर : 'ओळख बघू मी कोण' हा खेळ गेट-टुगेदरमधून कायमचा हद्दपार करावा असं माझं फार जुनं मत आहे. विचारणाऱ्याला मजा येते आणि समोरच्याची भर मांडवात परीक्षा. कुणी विचारलंच तर सरळ हसून 'नाही गं, सांग ना' म्हणायचं, अंदाज लावत बसायचं नाही, कारण चुकीचं नाव घेतलं की ते पुढची दहा वर्षं ग्रुपवर फिरत राहतं.

पण तुमची स्मरणशक्ती तुम्हाला वाटतेय तेवढी गेलेली नाही हं. हॅरी बाहरिक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली ३९२ लोकांवर नेमका हाच अभ्यास केला होता, शाळा सोडल्यावर वर्गातल्यांची नावं आणि चेहरे किती लक्षात राहतात यावर. पंधरा वर्षांनंतरसुद्धा लोक वर्गातल्यांचे जुने फोटो जवळपास ९० टक्के वेळा बरोबर ओळखत होते आणि ४८ वर्षांनंतरही सुमारे ७० टक्के. मात्र समोर काहीच न ठेवता 'आठवतील तेवढी नावं सांगा' म्हटलं की आकडा धाडकन खाली यायचा, पंधरा वर्षांनी ६० टक्के आणि ४८ वर्षांनी ३० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे आत सगळं असतं, बाहेर काढायला काहीतरी खूण लागते. आता यातली गोम बघा, ते फोटो शाळेतले होते, आत्ताचे नाही. तुम्हाला डीपीवरचा टक्कल पडलेला माणूस ओळखू येत नाही यात तुमचा काही दोष नाही, तो तुम्ही कधी पाहिलेलाच नाहीये.

तेव्हा आदल्या दिवशी वर्गाचा जुना ग्रुप फोटो काढा, कुणाकडे तरी असतोच, आणि एखाद्या मैत्रिणीला फोन लावून दोघी मिळून रांगेने नावं लावा. एकीला आडनाव आठवतं, दुसरीला तो कुठल्या बाकावर बसायचा ते आठवतं, असं करत करत निम्मा वर्ग उभा राहतो. आणि आयोजकांना एक सुचवा, छातीवर लावायच्या बिल्ल्यावर शाळेतलं नाव मोठ्या अक्षरात लिहा, लग्नानंतरचं हवं तर खाली छोटं, आणि जमलं तर तेव्हाचा फोटोही छापा. हे केलं की सगळ्यांचाच अर्धा ताण तिथेच संपतो.

प्रश्न : मॅडम, मी शाळेत हुशार म्हणून ओळखला जायचो, सगळ्यांना वाटायचं हा खूप पुढे जाणार. आज वय ४६, मागच्या वर्षी नोकरी गेली, अजून नीट काही जमलेलं नाही, त्यात घटस्फोटही झालाय. आमच्यातला जो कायम नापासाच्या काठावर असायचा त्याच्या आता दोन कंपन्या आहेत. ग्रुपवर सगळे 'तू येच, तू नाही आलास तर मजा नाही' म्हणतायत पण मला तिथे जाऊन काय सांगायचं हेच कळत नाहीये. न जाणंच बरं ना?

उत्तर : न जाण्यात काही गैर नाही, हे आधी सांगून टाकते, कारण बाकी सगळे तुम्हाला 'जाच' असंच सांगणार. मन खरंच खचलेलं असेल, झोप लागत नसेल, लोकांत जायची कल्पनाही सहन होत नसेल तर यंदा राहू दे, आणि डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी आधी बोला, बॅच कुठे पळून जात नाही. पण नुसती लाज आड येत असेल तर थोडं थांबा, कारण या लाजेचा हिशोब बहुतेक वेळा चुकलेला असतो.

आपल्याला वाटतं की आपण दारातून आत गेलो की सगळ्यांच्या नजरा आपल्यावर. थॉमस गिलोविच आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००० साली एक मजेशीर प्रयोग प्रसिद्ध केला होता, त्यात एका विद्यार्थ्याला ज्याची पोरं टिंगल करतील अशा गायकाचा चेहरा छापलेला टीशर्ट घालून लोक बसलेल्या खोलीत पाठवायचे आणि नंतर विचारायचे की कितीजणांनी तुझा टीशर्ट पाहिला असेल. त्यांना वाटायचं निम्म्यांनी तरी पाहिला असणार, प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात यायचं. गेट-टुगेदरला तर प्रत्येकजण स्वतःचाच टीशर्ट झाकत आलेला असतो हो. कुणाचं पोट सुटलंय, कुणाचा मुलगा घरात बोलत नाही, त्या दोन कंपन्यावाल्याला रात्री कर्जाच्या हप्त्यांनी झोप येत नसेल, आपल्याला काय माहीत. तुमची नोकरी हा त्या संध्याकाळचा विषय ठरायला तुमच्याकडे इतकं लक्ष द्यायला कुणाला वेळ तरी हवा ना.

तरीही 'सध्या काय करतोस?' हा प्रश्न येणारच, तो चुकत नाही, म्हणून त्याचं उत्तर घरूनच तयार करून न्या. खोटं बोलू नका, कन्सल्टिंग वगैरे गुळगुळीत शब्दही वापरू नका, कारण त्यावर लगेच पुढचा प्रश्न येतो की 'कशाचं कन्सल्टिंग?' सरळ म्हणा, 'मागच्या वर्षी नोकरी सुटली, नवीन शोधतोय, तुझं काय चाललंय?' इतकंच. एका दमात म्हणा आणि शेवटचा प्रश्न गिळू नका, त्यानेच गाडी पुढे जाते. सांगणारा ओशाळला नाही तर ऐकणाराही ओशाळत नाही. घटस्फोटाचं तर सांगायलाच हवं असं काही नाही. कुणी विचारलंच तर 'आम्ही वेगळे झालो, बरं चाललंय' एवढं पुरे, त्यापुढे खोदणाऱ्याला 'ते नंतर कधीतरी' म्हणायचा हक्क तुम्हाला आहे आणि तो वापरायला लाजू नका.

आणखी एक, जरा व्यवहाराचं. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये असं मांडलं होतं की नवी माहिती, विशेषतः नोकरीची, आपल्या अगदी जवळच्या माणसांपेक्षा लांबच्या ओळखीतून जास्त येते, कारण जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच. पुढे २०११ च्या एका अभ्यासात कंपन्यांमधल्या वरच्या पदावरच्या लोकांना ज्यांच्याशी वर्षानुवर्षं बोलणं नाही अशांना फोन करून सल्ला मागायला लावला, आणि तो सल्ला रोजच्या संपर्कातल्या लोकांपेक्षा काकणभर उपयोगीच निघाला, कारण जुना विश्वास शिल्लक होता आणि माणूस मधल्या काळात वेगळ्याच जगात फिरून आलेला होता. मी असं म्हणत नाहीये की सीव्ही घेऊन जा, प्लीज तसलं काही करू नका. पण 'शोधतोय' हे चारजणांच्या कानावर पडलं तर त्यातल्या एखाद्याचा आठवड्याने फोन येऊ शकतो, आणि लपवलंत तर मात्र नक्की येणार नाही.

जायचं ठरलं तर तिथे कुणाला भेटायचंय ते एक किंवा दोन नाव मनात धरून जा. साठजणांपुढे उभं राहायचंय म्हटलं की पाय जड होतात, एका मित्राला भेटायचंय म्हटलं की होत नाहीत. त्याच्याशी आधी फोनवर बोलून घ्या, जाताना बरोबर जा, आणि नको वाटलं तर तासाभराने निघून या, हजेरी कुणी घेत नाही आता.

प्रश्न : (दोन पत्रं एकत्र देतेय, एकमेकांशी काही संबंध नाही पण वाचल्यावर तुम्हालाही कळेल का ते.)

पहिलं : शाळेत माझ्या रंगावरून आणि बोलताना अडखळायचो त्यावरून एक टोळकं मला रोज छळायचं. मला एक नाव पाडलं होतं, ते मी इथे लिहीतही नाही. आता ग्रुपवर त्यातलाच एकजण मला त्याच नावाने हाक मारतो आणि सगळे हसण्याच्या इमोजी टाकतात. गेट-टुगेदरला जायची इच्छा आहे कारण दोन चांगले मित्र येतायत, पण तो पण असणार.

दुसरं : आम्ही तिघी मिळून वर्गातल्या एका मुलीला वाळीत टाकायचो, तिचा डबा लपवायचो, तिच्या वहीवर काहीबाही लिहायचो. आता माझी मुलगी त्याच वयाची आहे आणि मला ते सगळं आठवून झोप येत नाही. ती मुलगी गेट-टुगेदरला येतेय. तिथे सगळ्यांसमोर तिची माफी मागू का? मला खूप हलकं वाटेल.

उत्तर : आधी पहिल्या पत्राचं. दादा, ते नाव ग्रुपवर चाललंय ते आत्ताच थांबवायचं, कार्यक्रमाच्या दिवसापर्यंत ठेवायचं नाही. त्याला खाजगीत एक मेसेज टाका : 'मला त्या नावाने हाक मारू नकोस, तेव्हाही आवडत नव्हतं, आत्ताही नाही.' कारण द्यायचं नाही, स्मायली टाकायची नाही. स्मायली टाकली की पुढचा माणूस समजतो की चालतंय. बऱ्याच लोकांना खरंच कळलेलं नसतं, ते सॉरी म्हणतात आणि विषय मिटतो. नाही मिटला तर ऍडमिनला सांगा, आणि ऍडमिन जर 'अरे जुनी गंमत आहे, मनावर काय घेतोस' म्हणाला तर तो ग्रुप म्यूट करून आपल्या दोन मित्रांना वेगळं भेटा, त्यातच जास्त सुख आहे. छळ करणाऱ्याला गंमत म्हणून आठवतं आणि सहन करणाऱ्याला तारीखवार आठवतं, हे सगळ्या बॅचेसचं आहे, तुमच्या एकट्याच्या नाही.

गेलात तर त्या दोघांपैकी एकाला आधीच सांगून ठेवा की मी अस्वस्थ दिसलो तर मला तिथून बाहेर काढ. समोरच्याने जुना किस्सा रंगवायला घेतला तर 'मला तेव्हा मजा आली नव्हती' एवढंच बोला आणि दुसऱ्याकडे वळा, भाषण नको, भांडणही नको. आणि एक लक्षात ठेवा, त्याला माफ करायची तुमच्यावर काहीही जबाबदारी नाही. लोक म्हणतील इतकी वर्षं झाली सोडून दे, ते म्हणू देत.

आता ताई तुमचं. सगळ्यांसमोर अजिबात नाही. 'मला हलकं वाटेल' हे तुम्हीच लिहिलंय ना, ते परत एकदा वाचा. तिचं काय? साठ लोकांसमोर तुम्ही रडत माफी मागितलीत तर तिला 'अगं असू दे, मी विसरले' असं म्हणावंच लागेल, मनात असो नसो, आणि ज्यांना तो डबा प्रकार माहीतच नव्हता त्यांनाही आता कळेल. म्हणजे पुन्हा एकदा तुम्ही ठरवणार आणि ती सहन करणार.

माफी मागा, नक्की मागा, पण कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी, फक्त तिला, चार ओळींत. काय केलं ते स्पष्ट लिहा. 'तुला काही वाईट वाटलं असेल तर' असलं लिहू नका, वाईट वाटलंच होतं. आपण लहान होतो, घरी टेन्शन होतं, बाकीच्या दोघींनी भरीला घातलं, यातलं काहीही लिहू नका. शेवटी लिहा की तुला उत्तर द्यायची गरज नाही आणि तिथे मी आपणहून तुझ्याजवळ येणार नाही. आणि मग खरंच जाऊ नका. तिने उत्तर नाही दिलं तर तेच उत्तर आहे, दुसरा मेसेज करायचा नाही, मैत्रिणीमार्फत चौकशी तर अजिबातच नाही. ती स्वतःहून आली तर बोला, त्यातही जास्त तिलाच बोलू द्या.

प्रश्न : आमच्या बॅचचे आम्ही चार ऍडमिन आहोत आणि चौघांचं एकमेकांशी पटेनासं झालंय. एकाला स्टेज, अँकर, ऑर्केस्ट्रा असा दणक्यात कार्यक्रम हवाय, एकाला नुसतं बसून गप्पा मारायच्यात. वर्गणीवरून पण कुरबुर आहे. काहीजण ग्रुपवर नुसतंच 'मस्त' म्हणतात आणि येणार की नाही ते सांगत नाहीत. तुम्हीच काहीतरी सुचवा.

उत्तर : मी गप्पावाल्याच्या बाजूने, एकदम उघडपणे. साधा गुणाकार करा, साठजण आले आणि प्रत्येकाला माइकवर ओळख करून द्यायला तीन मिनिटं दिली तरी तीन तास होतात, आणि तीन मिनिटांत कोण थांबतं? लोक वर्षानुवर्षांनी भेटलेत, त्यांना एकमेकांच्या कानात ओरडून बोलायला लावणारा ऑर्केस्ट्रा कशाला? माइक अर्धा तास, तोही सुरुवातीला, आणि बाकी वेळ मोकळा सोडा. हवं तर मध्ये एकदा सगळ्यांना उठवून बसायच्या जागा बदलायला लावा, नाहीतर शाळेत ज्या टोळ्या होत्या त्याच टोळ्या त्याच कोपऱ्यात बसतात आणि कडेचे कडेलाच राहतात.

तारखेसाठी ग्रुपवर चर्चा करू नका, पोल टाका, तीन तारखा, चार दिवस मुदत, ज्याला जास्त मतं ती फायनल. शंभर टक्के लोकांना जमेल अशी तारीख जन्माला आलेली नाही. तीन-चार महिने आधी ठरवा म्हणजे लांबून येणाऱ्यांना प्रवासाचं बघता येतं. 'मस्त' म्हणणाऱ्यांना ग्रुपवर टोचून काही होत नाही, चौघांनी नावं वाटून घ्या आणि एकेकाला फोन करा. जे गप्प असतात त्यांच्यातले बरेचजण येऊ की नको या विचारात असतात आणि एका फोनने येतात. खरं सांगायचं तर हे फोन म्हणजेच अर्धं गेट-टुगेदर आहे, यात कंजुषी करू नका.

पैशाचं जरा नाजूक असतं. वर्गणी सगळ्यात कमी कमावणाऱ्याकडे बघून ठरवा. ज्यांना जास्त द्यायचे आहेत त्यांनी खजिनदाराला गुपचूप द्यावेत, ग्रुपवर त्याची नावं आणि टाळ्या नकोत, कारण एका टाळीमागे चारजण मनात ओशाळतात. वर्गणी कुणी दिली नाही याची यादी टाकणारा ऍडमिन तर मी ताबडतोब बदलला असता. कुणाला परवडत नसेल तर ते फक्त खजिनदाराला कळावं आणि तिथेच राहावं. हिशोब मात्र आठवड्याच्या आत सगळ्यांसमोर टाकायचा, पैन् पै.

शिक्षकांना बोलवत असाल तर त्यांना आणायला आणि सोडायला एक माणूस ठरवून ठेवा आणि तासाभरात त्यांचा भाग संपवा. वय झालेलं असतं, त्यांना चार तास खुर्चीत बसवून ठेवणं हा आदर नाही. आणि समोर जाऊन त्यांनाही 'ओळखलंत का' विचारू नका, त्यांच्या हाताखालून किती पोरं गेली असतील, स्वतःचं नाव आणि साल सांगून नमस्कार करा.

एक राहिलंच. बॅचमधलं कुणी गेलेलं असतं, तीस वर्षांत असतंच. त्यांची नावं दोन ठिकाणांहून खात्री करून घ्या, ऐकीव माहितीवर विसंबू नका, आणि ती ग्रुपवर आधीच कळवा. नाहीतर कार्यक्रमात कुणीतरी हसत हसत नेमक्या जवळच्या मित्राला विचारतं की 'अरे तुझा जोडीदार कुठाय?' आणि मग त्या माणसाची ती संध्याकाळ गेली.

प्रश्न : नवरा म्हणतो मी पण येतो. शाळेत एकजण मला आवडायचा हे त्याला माहितीये आणि तो पण येणार आहे. नवऱ्याला नेऊ का?

उत्तर : बॅचने 'फॅमिलीसकट' ठरवलं असेल तर न्या, नसेल तर नका नेऊ, यात त्या आवडणाऱ्याचा काही संबंध नाही. ज्या किस्स्यांना आपण पोट धरून हसतो ते बाहेरच्या माणसाला दहा मिनिटांत असह्य होतात, बिचारा मोबाईल बघत बसेल आणि तुम्ही त्याच्यासाठी लवकर निघाल. पहिली भेट फक्त वर्गाची आणि दुसरी फॅमिलीसकट असं करा.

आणि त्या आवडणाऱ्याबद्दल. चाळीशी-पन्नाशीत आठवणी काढायला बसलं की दहा ते तीस या वयातल्या आठवणींची गर्दी जास्त असते, मानसशास्त्रात हे चांगलं माहीत असलेलं आहे. पहिल्यांदा घडलेल्या सगळ्या गोष्टी त्याच काळातल्या असतात ना. म्हणजे तो समोर आल्यावर पोटात काहीतरी हललं तर ते त्याच्यामुळे किती आणि आपल्या त्या वयामुळे किती हे तिथल्या तिथे सांगता येत नाही. छान बोला, हसा, घरी येऊन नवऱ्याला सांगा. पुढे चॅट सुरू झालं आणि ते डिलीट करावंसं वाटायला लागलं तर मात्र मला परत पत्र लिहू नका, तुम्हालाच कळलेलं असेल.

प्रश्न : माझी शाळेतली जिवलग मैत्रीण कुठल्याच ग्रुपवर नाही. भांडण वगैरे काही नाही, पत्ते बदलले, फोन बदलले आणि तुटलं. एका ओळखीच्याकडून तिचा नंबर मिळालाय. आता इतक्या वर्षांनी काय म्हणून मेसेज करू? तिला विचित्र नाही का वाटणार? की सरळ ग्रुपवर ऍड करून टाकू, सगळ्यांनाच सरप्राइज?

उत्तर : ऍड करू नका! कुणाचाही नंबर न विचारता शेदीडशे लोकांसमोर ठेवणं बरोबर नाही. ती ग्रुपवर का नाही हे आपल्याला माहीत नाही, कदाचित तिला कुणीतरी नकोसं असेल, कदाचित नुसताच कंटाळा असेल.

मेसेज मात्र आजच करा. तुम्हाला वाटणारा संकोच सगळ्यांनाच वाटतो, लारा ऍकनिन आणि जिलियन सँडस्ट्रॉम या दोघींचा २०२४ मध्ये यावरच अभ्यास आलाय. त्यात लोकांना असा जुना मित्र निवडायला सांगितला ज्याच्याशी बोलावंसं वाटतं आणि ज्याचा नंबर जवळ आहे, मेसेज लिहायला वेळ दिला, आणि तरी जेमतेम एक तृतीयांश लोकांनी तो पाठवला. बाकीचे लिहून बसून राहिले. जुन्या मित्राला मेसेज करायला लोक जवळपास अनोळखी माणसाशी बोलण्याइतकेच बिचकत होते. मग त्यांनी एक युक्ती केली, आधी काही मिनिटं रोजच्या मित्रमैत्रिणींना मेसेज करायला लावले आणि मग जुन्याला, तेव्हा पाठवणाऱ्यांचं प्रमाण बरंच वाढलं. तुम्हीही तसंच करा, बहिणीला, शेजारणीला, दोघीतिघींना काहीबाही मेसेज टाका आणि त्याच ओघात हिलाही. आणि विचित्र वाटण्याचं म्हणाल तर पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांच्या २०२२ च्या अभ्यासात दिसलं होतं की असा अचानक आलेला मेसेज मिळणाऱ्याला पाठवणाऱ्याच्या अंदाजापेक्षा जास्त आवडतो, आणि जितका अनपेक्षित तितका जास्त.

लिहायचं काय, तर 'हाय, ओळखलंस का' नको (परत तेच!). पूर्ण नाव, शाळा, वर्ष, नंबर कुणाकडून मिळाला ते, आणि तुमच्या दोघींनाच माहीत असलेली एखादी बारीकशी आठवण. त्या आठवणीशिवाय पाठवू नका, हल्ली फसवणुकीचे इतके मेसेज येतात की तिला वाटेल त्यातलाच एक आहे. मग एक ओळ की बॅच अमुक दिवशी भेटतेय, तुला यायचं असेल तर सांग, नसेल तर आपण दोघीच बोलू. इतकी वर्षं का नाही फोन केलास याचा हिशोब मांडू नका, तुम्ही तरी कुठे केला होता.

प्रश्न : मागच्या वर्षी आमचं गेट-टुगेदर झालं, काय सांगू, पहाटेपर्यंत कुणी हलेना, निघताना सगळे गळ्यात पडून रडले, 'आता दर महिन्याला भेटायचं'. नंतरच्या दोन आठवड्यांत सगळं थंड. आता ग्रुपवर फक्त सुप्रभात आणि फॉरवर्ड. मला फसल्यासारखं वाटतंय. ते सगळं खोटं होतं का?

उत्तर : खोटं नव्हतं रे, पण त्या रात्री जे झालं त्याला मैत्री म्हणायची घाई झाली. तुम्ही सगळे मिळून एका जुन्या काळाला भेटलात, एकमेकांना भेटायचं तसं राहूनच गेलं. आठव बघ, त्या रात्री कितीजणांना तू विचारलंस की सध्या तुझा दिवस कसा जातो? आणि तुला किती जणांनी विचारलं? किस्से सगळे शाळेचे, ते संपले की बोलायला काही उरलं नाही.

जेफ्री हॉल या संवादशास्त्राच्या प्राध्यापकाने हिशोब मांडलाय की नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला एकत्र घालवलेले साधारण ५० तास लागतात, आणि जिवलग म्हणण्यासारखी व्हायला २०० च्या वर. तो अभ्यास नव्याने ओळख झालेल्यांवर होता, तुमच्याकडे शाळेतले तास जमा आहेतच, पण ते त्या वेळच्या मुलांचे. आत्ताच्या माणसांचे अजून मोजायला सुरुवातही झालेली नाही. एका रात्रीचे धर सहा-सात.

म्हणून साठजणांशी दर महिन्याला वगैरे सोड, ते होणार नाही, कुणाचंच होत नाही. त्या रात्री ज्याच्याशी बोलताना घड्याळ बघितलं नाहीस असा एक निवड, फार तर दोन, आणि त्याला ग्रुपवर नको, वेगळा फोन कर. काहीतरी ठरलेलं ठेव, दर रविवारी सकाळी चालताना फोन, महिन्यातून एकदा एकत्र क्रिकेट बघणं, काहीही, पण 'भेटू कधीतरी' नको, त्या 'कधीतरी'ची तारीख कॅलेंडरमध्ये येत नाही. तीन वेळा तूच फोन केलास आणि चौथ्यांदाही तुलाच करावा लागला तरी चिडू नकोस, काही लोकांना फोन करायची सवयच नसते पण उचलल्यावर तासभर बोलतात. तीनचार वेळा उचललाच नाही तर मात्र सोड आणि दुसऱ्याला कर.

प्रश्न : गेट-टुगेदर झाल्यापासून एक वर्गमित्र रोज फोन करून पॉलिसी घे म्हणतोय. तोडायचं पण नाहीये.

उत्तर : 'मी मित्रांशी पैशाचे व्यवहार करत नाही, हा माझा नियम आहे. बाकी बोल.' पहिल्यांदा म्हणायला जड जातं. 'बघतो', 'पुढच्या महिन्यात' असं म्हणालात तर तो पुढच्या महिन्यात फोन करणारच, त्याचं कामच आहे ते. नियम सांगितल्यावरही तो फोन करत राहिला आणि बाकीचं काही बोलतच नसेल तर तो मित्र म्हणून फोन करत नव्हता.

प्रश्न : ग्रुप सोडायचाय पण कुणाला कळू न देता. जमतं का?

उत्तर : अर्धवट. २०२२ पासून व्हॉट्सऍपवर ग्रुप सोडला की सूचना फक्त ऍडमिनला जाते, पण गेल्या ६० दिवसांत कोण कोण गेलं याची यादी कुणीही उघडून बघू शकतो, आणि प्रत्येक बॅचमध्ये ती उघडून बघणारा एकजण असतोच. त्यापेक्षा कायमचं म्यूट करा, आर्काइव्हमध्ये टाका, आणि ज्यांच्याशी बोलायचंय त्यांचे नंबर आधी सेव्ह करून घ्या.